क्वेकर बाई आणि कपाटातले पासपोर्ट

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर दोनच फ्लॅट होते. एक आमचा, आणि समोर बाईंचा. बाई इंग्रज होत्या. साठीच्या आसपासच्या, उंच, जरा वाकून चालणाऱ्या. माझ्या मुलीच्या शाळेत त्या लायब्ररी सांभाळायच्या. मुलगी त्यांना ‘मिस’ म्हणायची. मी मात्र पहिल्या आठवड्यातच त्यांना बाई म्हणायला लागले, कारण आमच्या लहानपणी शाळेत शिकवणारी बाई ही बाईच असायची आणि माझ्या तोंडातून दुसरा शब्द निघेना. त्यांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांना तो आवडला.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या दाराबाहेर चार-पाच जोड चपला-बूट दिसायचे. आतून मात्र काहीही ऐकू यायचं नाही. बोलणं नाही, टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही. तासाभराने दार उघडायचं आणि मग एकदम हसणं-बोलणं सुरू व्हायचं. माझा नवरा पेपर वाचता वाचता कान लावून बसायचा.

“करतात काय ही माणसं आत?” तो म्हणायचा. “झोपतात की काय सगळे मिळून?”

शेवटी मीच एकदा बाईंना लिफ्टमध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्ही गप्प बसतो. क्वेकर आहोत ना.”

क्वेकर म्हटल्यावर मला ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा आठवला आणि मी तसं बोलूनही गेले. बाई इतक्या हसल्या की आमचा मजला आला आणि निघून गेला. मग त्यांनी सांगितलं, ख्रिस्ती लोकांमधलाच हा एक छोटा पंथ. यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. एकत्र यायचं आणि शांत बसायचं. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून बोलायचं, नाहीतर नाही. “तू ये एकदा,” त्या म्हणाल्या. “काही करावं लागत नाही. तुला तेवढीच सुट्टी.”

सुट्टी या शब्दाने मी गेले. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत पर्सोनेलचं काम बघायचे. मोठमोठ्या लोखंडी टाक्या बनवणारी कंपनी. शनिवार ते गुरुवार नोकरी, घरी आल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. एक तास कुणी नुसतं बसू देत असेल तर मी कुठेही गेले असते. आत पाच माणसं होती. बाई, एक आयरिश इंजिनिअर, त्याची बायको, एक केनियाची नर्स आणि मी. पहिली वीस मिनिटं मी दुपारी भाजी कुठली करायची याचा विचार केला. पुढची वीस मिनिटं एसीचा आवाज ऐकला. मग कधीतरी डोकं रिकामं झालं. बाहेर आल्यावर नर्स माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आमच्या केनियात क्वेकर खूप आहेत, पण ते असे गप्प नाही बसत हं. ते गातात, टाळ्या वाजवतात. इथे मला फार कठीण जातं.” मला ती लगेच आवडली. अधूनमधून मी शुक्रवारी जायला लागले. देव वगैरे काही भेटला नाही, पण बरं वाटायचं.

मुलगी सातवीत असताना शाळेत गुलामांच्या व्यापाराचा धडा आला. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून अमेरिकेच्या बाजूला नेली, विकली, उसाच्या मळ्यांत राबवली, तो सगळा इतिहास. प्रत्येक मुलाने एक प्रोजेक्ट करायचा होता. मुलगी लायब्ररीत पुस्तकं शोधायला गेली आणि बाईंच्या तावडीत सापडली. त्यानंतर महिनाभर ती रोज संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमध्ये. आमच्याकडे यायची ती नवीन नवीन बातम्या घेऊन.

एक दिवस तिने चहातली साखर नाकारली. चहा म्हणजे दूधच ते, पण तिला आम्ही चहा म्हणून द्यायचो.

“नो शुगर, मम्मा.”

“का गं? दात दुखतोय?”

“इट वॉज मेड बाय स्लेव्ज.”

तिने समजावून सांगितलं, की दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या हजारो घरांनी साखर खायची बंद केली होती, कारण ती गुलामांच्या हातची होती. क्वेकर लोक त्यात पुढे होते, आणि घराघरांतल्या बायका तर सगळ्यांच्या पुढे, कारण बाजारातून काय आणायचं ते त्यांच्या हातात होतं. मतदानाचा हक्क नव्हता, पण साखरेचं भांडं होतं. हे वाक्य बाईंचं असणार, माझ्या मुलीचं नाही. पण ती ते असं ठसक्यात म्हणाली की माझा नवरा पेपर खाली ठेवून बघायला लागला.

“अगं, पण ही साखर कुठली आहे ते तरी बघ,” तो म्हणाला. त्याने पुडा आणून तिच्यासमोर ठेवला. “इंडिया. आपल्याकडची.”

मुलगी धावत समोर गेली आणि पाच मिनिटांत परत आली. बाईंनी सांगितलं होतं, की त्या काळी सुद्धा लोक असंच म्हणायचे. हिंदुस्थानातून आलेली साखर गुलामांच्या हातची नाही असं साखरेच्या भांड्यावरच लिहिलेलं असायचं, म्हणजे पाहुण्यालाही कळावं. तेव्हा इंडियाची साखर चालेल. पण तिने सुरू केलेलं व्रत लगेच सोडायलाही तिला लाज वाटत होती. अकरा दिवस तिने साखर खाल्ली नाही. बाराव्या दिवशी गुढीपाडवा होता आणि मी श्रीखंड केलं होतं. तिने वाटीकडे बराच वेळ बघितलं आणि शेवटी म्हणाली, “मिस म्हणाली की हे फेस्टिव्हलला ओके आहे.” मिसने असं काही म्हटलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. बाईंनी मात्र तिची बाजू सांभाळली.

प्रोजेक्टसाठी मुलीने एक माणूस निवडला होता. जुन्या काळातला, अमेरिकेत जाऊन राहिलेला एक क्वेकर. उंचीने अगदी लहान, पाठीला कुबड, गुहेत राहणारा, स्वतःचे कपडे स्वतः विणणारा. त्या काळी बरेच क्वेकर स्वतःच गुलाम बाळगून होते आणि हा त्यांच्या नाकात दम आणायचा. एकदा त्यांच्या मोठ्या सभेत तो एक जाड पुस्तक घेऊन गेला. आतून पोकळ केलेलं, आत लाल रस भरलेली पिशवी. भाषण करता करता त्याने अंगरख्याखालून तलवार काढली, पुस्तकात खुपसली आणि तो रस सगळ्यांच्या अंगावर उडाला. गुलाम बाळगणाऱ्यांच्या हाताला रक्त लागलेलं आहे, असं त्याला म्हणायचं होतं. त्याला अर्थातच सभेबाहेर काढलं.

माझी मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी. तिला त्याचं पात्र करायचं होतं, आणि ते शाळेच्या हॉलमध्ये, आईबापांसमोर होणार होतं. लाल रसाचा प्रश्न आला. माझ्या बहिणीने पाठवलेलं कोकमाचं आगळ फ्रीजमध्ये होतं. मी ते पाणी घालून पातळ केलं, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गाठ मारली. बाईंनी लायब्ररीतलं एक रद्दीत काढलेलं जाड पुस्तक दिलं आणि माझ्या नवऱ्याने ते कटरने आतून कोरलं. तलवार म्हणून पट्टी आणि तिच्या टोकाला टाचणी. घरात दोनदा तालीम झाली, अर्थात पाण्याने.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलगी चादर पांघरून स्टेजवर आली आणि इंग्रजीतून ओरडली, तुम्ही वरून साधे कपडे घालता पण आत काय लपवून ठेवता? मग पट्टी खुपसली. पाण्यापेक्षा आगळ जोरात उडालं, का ते देव जाणे. पहिल्या रांगेत मी होते, माझा नवरा होता आणि शाळेचे मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापकांचा पांढरा शर्ट, नवऱ्याचा आकाशी, आणि माझी मोतिया रंगाची ओढणी. सगळा हॉल हसला. बाई दाराजवळ उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात धरला होता. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी बोटाने शर्टावरचं आगळ पुसून चाखलं आणि विचारलं, “व्हॉट इज धिस? इट्स व्हेरी नाइस.”

परत येताना गाडीत मुलगी मागच्या सीटवर उड्या मारत होती. मध्येच तिने विचारलं, “मम्मा, तुझ्या ऑफिसमधल्या अंकल लोकांचे पासपोर्ट तू लॉक करतेस ना?”

ती एकदा सुट्टीत माझ्या ऑफिसला आली होती, तेव्हा तिने ते पाहिलं होतं. माझ्या टेबलामागे एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. कंपनीतल्या सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्यात होते, देशाप्रमाणे आणि नंबराप्रमाणे लावलेले. त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. त्या काळी बहुतेक कंपन्यांत असंच होतं आणि मला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. उलट कपाट नीट लावल्याचा मला अभिमान होता.

“पासपोर्ट लॉक करते. माणसं नाही,” मी म्हटलं.

“बट दे कान्ट गो होम.”

“सुट्टी मिळाली की जातात की.”

“अँड इफ दे वाँट टू गो बिफोर?”

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आता घरी जाऊन आंघोळ कर, चिकट झालीयेस.” विषय तिथे थांबला. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी घरी जाऊन ओढणी भिजत घातली.

पण पुढच्याच शनिवारी आमचा चाचा माझ्या टेबलाशी आला. चाचा रत्नागिरीकडचा मुसलमान, पन्नाशी उलटलेला. यार्डात तो रिगर होता, म्हणजे क्रेनने जे काही उचलायचं त्याला दोर आणि साखळ्या बांधायचं काम. सगळं यार्ड त्याला चाचा म्हणायचं. मी मराठी म्हणून तो माझ्याशी आमच्या भाषेत बोलायचा आणि मला ताई म्हणायचा, वयाने माझ्याहून कितीतरी मोठा असून.

“ताई, एक काम होतं,” तो म्हणाला. “माझा पासपोर्ट जरा बघायचा होता.”

“काय झालं? संपतोय का?”

“नाही. नुसता बघायचा होता.”

असं मागणारा तो पहिला नव्हता. अधूनमधून कुणीतरी यायचं आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचे, साहेबांची सही आणा. पासपोर्ट कपाटाबाहेर काढायला जनरल मॅनेजरची सही लागायची. माणूस मान हलवून निघून जायचा. त्या दिवशी तेच वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काय झालं कुणास ठाऊक, मी पर्समधून किल्ली काढली.

पासपोर्ट टेबलावर ठेवला तर त्याने आधी हात पँटला पुसले. मग दोन्ही हातांनी तो उचलला आणि फोटोचं पान उघडलं. फोटोत काळीभोर दाढी आणि गालफडं बसलेली. “बघा,” तो हसून म्हणाला, “हा कोण म्हणायचा?” मग शेवटचं पान उघडलं. तिथे त्याच्या बायकोचं नाव होतं. त्यावर त्याने अंगठा फिरवला. दोन मिनिटंही झाली नसतील. त्याने पासपोर्ट बंद करून स्वतःच माझ्या बाजूला सरकवला.

“ठेवा,” तो म्हणाला. “बरं वाटलं.”

मी विचारलं, आज एकदम कशी आठवण झाली? तेव्हा कळलं, की त्याच्या मुलीचा निकाह पुढच्या महिन्यात ठरला होता. त्याची सुट्टी त्याच सुमाराला येत होती, पण यार्डात मोठं काम निघालं म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या पुढे ढकलल्या होत्या. त्याने विचारून बघितलं होतं. नाही म्हणाले होते. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत, माझ्याकडे रडगाणं गायलं नाही. “इन्शाल्ला पुढच्या वर्षी नातवाला बघायला जाईन,” असं म्हणून तो कामावर गेला.

त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. खरं म्हणजे मी त्यांच्याकडून शिक्षा घ्यायला गेले होते. म्हटलं, “माझी मुलगी म्हणते मी गुलाम बाळगणाऱ्यांसारखी आहे.”

बाई जरा रागावल्याच. “नाही,” त्या म्हणाल्या. “हे ते नाही. असं म्हटलंस तर त्या जहाजांतल्या माणसांवर अन्याय होईल. तुमची माणसं स्वतःहून आली, पगार घेतात, परत जातात. ते आणि हे एका तराजूत घालू नकोस.” मग म्हणाल्या, “पण हे जे आहे, ते बरोबर आहे असंही मी म्हटलेलं नाही.”

त्यांनी मला आणखी एका जुन्या क्वेकरची गोष्ट सांगितली. तो व्यवसायाने शिंपी. त्या गुहेतल्या माणसाच्या अगदी उलट, मऊ बोलणारा. तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी पाहुणा म्हणून जायचा. जेवायचा, मुक्काम करायचा, आणि निघताना ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांच्या हातात मजुरीचे पैसे ठेवायचा. यजमान शरमून जायचा. मग हा त्याच्याशी बसून बोलायचा. ओरडायचा नाही. वर्षानुवर्षं तो असा घरोघर फिरला.

“आमच्या लोकांना चांगलं समजू नकोस,” बाई म्हणाल्या. “शंभर वर्षं आम्ही एका बाकावर शांत बसलो आणि शेजारच्याच्या घरी गुलाम होते. कुणीतरी पुन्हा पुन्हा टोचत राहिलं म्हणून शेवटी लाज वाटली.”

“मग मी काय करू?”

“मला माहीत नाही. शुक्रवारी ये.”

मला त्यांचा रागच आला. मी सल्ला मागायला गेले होते आणि या मला गप्प बसायला बोलावत होत्या. तरी गेले. तासभर मी देवाचा नाही, किल्लीचा विचार केला. नंतर चहा पिताना मी सहज विचारलं, तुमचे पासपोर्ट कुठे असतात? आयरिश इंजिनिअरचा आणि त्याच्या बायकोचा घरच्या ड्रॉवरमध्ये. बाईंचा त्यांच्या हँडबॅगेत. केनियाच्या नर्सने कपात बघत सांगितलं, “माझा माझ्याकडे नाही. एजन्सीकडे आहे.” आणि माझा? माझा घरच्या कपाटात, शालूखाली. ही नर्स गेली तीन वर्षं माझ्या शेजारी बसत होती आणि मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

आमचे जनरल मॅनेजर पुण्याचे. वाईट माणूस मुळीच नव्हे. दुपारी डबा खाताना माझ्या भाजीची वाटी त्यांच्याकडे जायची आणि त्यांची कोशिंबीर माझ्याकडे. रविवारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि चाचाची सुट्टी आणि पासपोर्ट मागितला.

“अहो, असं एकाला दिलं की उद्या दहा येतील,” ते म्हणाले. “आणि तो परत नाही आला तर?”

“पन्नाशीचा माणूस आहे. पळून कुठे जाणार?”

“मुलीच्या लग्नाला.”

त्यांनाच हसू आलं. मीही हसले. मग मी विचारलं, “सर, तुमचा पासपोर्ट कुठे असतो?”

त्यांनी नकळत टेबलाच्या ड्रॉवरकडे बघितलं. मग समोरची फाइल उघडली. मी पुढे काही बोलले नाही, आणि उठलेही नाही. एरवी मी तडातडा बोलणारी बाई. पण शुक्रवारच्या सवयीने मला गप्प बसणं जमायला लागलं होतं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. ते फाइल चाळत होते, पेनाचं टोपण काढत-लावत होते. शेवटी म्हणाले, “तुम्ही जबाबदारी घेता का? लिहून द्या. पंधरा दिवस, एक दिवस जास्त नाही.”

मी लिहून दिलं. घरी नवऱ्याला सांगितलं. “तो नाही आला तर तुझी नोकरी जाईल, कळतंय ना?” तो म्हणाला. मी म्हटलं, कळतंय. त्याने थोड्या वेळाने विचारलं, “चाचाला मुलीसाठी काही द्यायचं का आपल्याकडून?” आम्ही एक डिनर सेट दिला. काचेचा होता, पण तो काय, क्रेनखाली आयुष्य घालवलेला माणूस. त्याने तो टॉवेलांत असा बांधला की जिन्यावरून पडला असता तरी फुटला नसता.

पंधरा दिवस संपले तो शनिवार होता. चाचा आला नाही. रविवारी आला नाही. मॅनेजर मला काहीच म्हणाले नाहीत, पण त्यांची कोशिंबीर दोन दिवस माझ्याकडे आली नाही. सोमवारी मी बाईंना म्हटलं, “तो नाही येणार.” बाई म्हणाल्या, “कदाचित. तरी तू चूक केलीस असं वाटतंय का?” मी विचार करून म्हटलं, नाही वाटत.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला चाचा सरळ विमानतळावरून बॅग घेऊन ऑफिसात आला. मुंबईत तिकीट ओके होत नव्हतं, तीन दिवस तो भावाकडे पडून होता. फोन केला होता, पण यार्डात ज्याने उचलला तो निरोप द्यायला विसरला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्यावर ओरडलेच. त्याने ओरडून घेतलं, मग पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

“आता हा तुमच्याकडेच ठेवा, चाचा,” मी मोठेपणाने म्हटलं.

“नको ताई!” तो घाबरून म्हणाला. “रूममध्ये आम्ही सोळा जणं. हरवला म्हणजे? तुमच्या कपाटातच बरा आहे. फक्त मागितला की द्या.”

एवढं सगळं रामायण घडवून मी त्याला जे द्यायला निघाले होते ते त्याला नको होतं. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते त्याने चार शब्दांत सांगितलं होतं.

पुढे ते चार शब्द मी मॅनेजरांकडून हळूहळू मान्य करून घेतले. जवळजवळ वर्ष लागलं. मी हिंदीत नोटीस टाइप केली आणि मल्याळी, बंगाली जाणणाऱ्या माणसांकडून बाकीच्या भाषांत लिहून घेतली: ज्याला आपला पासपोर्ट हवा त्याने सही करून घेऊन जावा, ज्याला ठेवायचा आहे त्याने ठेवावा. निम्म्याहून कमी लोकांनी नेले. एक फिटर मात्र पासपोर्ट घेऊन खरंच गेला. दुबईजवळ जबल अलीला त्याला चांगली नोकरी मिळाली होती. त्या दिवशी मॅनेजर भयंकर चिडले आणि किल्ली माझ्याकडून काढून घेतली. पण मग पासपोर्ट नुसता बघायला येणारी माणसं त्यांच्या केबिनबाहेर उभी राहायला लागली. रोज दोन-तीन. दीड महिन्याने त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर आपटली. “घ्या तुमचं क्वेकर कपाट,” ते म्हणाले. मी त्यांना सगळी गोष्ट डब्याच्या वेळी कधीतरी सांगितली होती.

नर्सचं इतकं सोपं झालं नाही. तिची एजन्सी, तिथे माझं काय चालणार? आयरिश इंजिनिअरने आणि बाईंनी तिच्याबरोबर तिथे फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीला पासपोर्ट मिळाला. शुक्रवारच्या सभेत ती उठून उभी राहिली आणि बोलण्याऐवजी गायला लागली. स्वाहिली गाणं, टाळ्यांसकट. बाईंनी पण टाळ्या वाजवल्या, पण बेतालच.

दोन हजार साल उलटून गेल्यावर बाईंची नोकरी संपली आणि त्यांनी इंग्लंडला परत जायचं ठरवलं. सामान थोडं होतं पण पुस्तकं अफाट. पेट्या कशा बांधायच्या याची त्यांना चिंता. मी म्हटलं, माझ्याकडे एक माणूस आहे. शुक्रवारी सकाळी चाचा आला, खांद्यावर दोरांची भेंडोळी टाकून. त्याने एकेक पेटी हलवून वजन बघितलं, पुस्तकं काढून पुन्हा लावली आणि अशा गाठी मारल्या की बाई जमिनीवर बसून त्या गाठीच बघत राहिल्या. आपल्यामुळे या घरात किती चर्चा झाली होती ते चाचाला कधीच माहीत नव्हतं, आणि आम्ही सांगितलंही नाही.

चहा झाला तेव्हा बाई मला म्हणाल्या, “त्याला विचार ना, मुलीचं लग्न कसं झालं?”

लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. पण चाचाने कप खाली ठेवला, पेटीवर नीट बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. वरात होडीतून कशी आली, भरतीची वेळ चुकल्यामुळे नवरदेवाला गुडघाभर पाण्यातून कसं चालावं लागलं, बिर्याणीला किती डेग लागले, आणि आमच्या डिनर सेटमधल्या सूपच्या वाडग्यावरून दोन मामींचं भांडण कसं झालं. मी इंग्रजीत सांगत होते, बाई मध्येच थांबवून विचारत होत्या, मग काय झालं? खालून कार्गोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. माझ्या मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला ओरडून सांगितलं, “फाइव्ह मिनिट्स, हबीबी!” चाचा अजून मुलीच्या पाठवणीपर्यंतही पोचला नव्हता.